कोपराच्या खोबणीतला आवाज

स्मरणिका समितीच्या पत्रात विषय दिला होता की आपल्या आयुष्यावर ज्याचा ठसा आहे अशा एका व्यक्तीविषयी लिहा. बहुतेक जण आपल्या सर-बाईंवर लिहितील, आणि ते योग्यच आहे. मी ज्याच्याविषयी लिहिते आहे तो आपल्या शाळेत नव्हता, महाराष्ट्रात कधी आला नाही आणि आपण जन्मायच्या चाळीसेक वर्षं आधीच वारला. तरी नोकरीची छत्तीस वर्षं, ओपीडीत, वॉर्डात, बाळंतिणींच्या खोलीत, रात्रपाळीत, मी दिवसातून पन्नास-पन्नास वेळा त्याने घालून दिलेलंच काम करत होते. त्याचं नाव निकोलाय सर्गेयेविच कोरोत्कोव्ह. नर्सिंगच्या पुस्तकात ते कोरोटकॉफ असं होतं आणि आम्ही मुली त्याला कोरडा कफ म्हणायचो. परीक्षेत पाच मार्कांना हमखास यायचा.

दहावीनंतर तुमच्यापैकी कुणी इंजिनियर झालं, कुणी बँकेत गेलं, कुणी शेती सांभाळली. मी सिस्टर झाले. आज आपल्या १९७९च्या तुकडीचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडला की सुप्रभाताखालोखाल जर कशाची चर्चा असेल तर ती बीपीची. कुणाचं वरचं वाढलंय, कुणाचं खालचं, कुणाची गोळी बदलली. म्हणून म्हटलं, ज्याच्यामुळे वरचं आणि खालचं हे दोन आकडे आपल्या घरात आले त्याचीच ओळख करून द्यावी.

आणखीही एक कारण आहे. आपला मागच्या बाकावरचा एक मित्र, जो वक्तृत्वाची ढाल दोनदा शाळेत घेऊन आला, तो या मेळाव्याला व्हीलचेअरवर येणार आहे. उजवी बाजू गेली आहे आणि शब्द सापडत नाहीत. त्याच्या वार्षिक तपासणीची फाईल त्याच्या पत्नीने मला दाखवली. सलग सात वर्षं रक्तदाब १२०/८०. एकदाही ११८ नाही, एकदाही १२४ नाही. दुसरीकडे आपले एक सर. एका आरोग्य शिबिरात दोन जिने चढून, रांगेत उभं राहून, स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा बांधून, चालू गप्पांत त्यांचं बीपी मोजलं गेलं आणि वरचा आकडा १७८ निघाला. त्याच दिवशी आणखी एक गोळी सुरू झाली. दोन-अडीच आठवड्यांनी रात्री बाथरूमला उठताना घेरी आली, पडले, खुब्याचं हाड मोडलं. गोळीमुळेच पडले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्या वयात माणूस दहा कारणांनी पडतो. पण ते घरी आल्यावर मी त्यांना पाच मिनिटं शांत बसवून, बाही काढून, तीनदा मोजलं, तेव्हा एकदाही १४०च्या वर गेलं नाही. एकाच्या बाबतीत आकडा मोजलाच गेला नव्हता आणि दुसऱ्याच्या बाबतीत चुकीचा मोजला गेला होता. ज्या माणसाने हा आकडा मोजण्याची रीत घालून दिली त्याने ती किती काळजीने घातली होती हे वाचलं की जास्त वाईट वाटतं.

कोरोत्कोव्हचा जन्म २६ फेब्रुवारी १८७४चा, रशियातल्या कुर्स्क गावातला, व्यापाऱ्याच्या घरातला. शाळा गावातच झाली. १८९३ साली खार्कोव्हला वैद्यकीय शिक्षण सुरू केलं, दोन वर्षांनी मॉस्कोला बदलून गेला, १८९८ साली उत्तम गुणांनी डॉक्टर झाला आणि बोब्रोव्ह नावाच्या प्राध्यापकांच्या हाताखाली शल्यविभागात लागला. इथपर्यंत कोणत्याही हुशार मुलाची गोष्ट.

१९०० साली चीनमध्ये बॉक्सर बंड उसळलं आणि हा सव्वीस वर्षांचा डॉक्टर रेडक्रॉसच्या तुकडीबरोबर सैबेरिया ओलांडून पूर्वेकडे गेला. जखमी सैनिकांची सेवा केली, त्याबद्दल सरकारी पदक मिळालं, आणि परतताना जपान, सिंगापूर, श्रीलंका, सुएझ असा समुद्रमार्गाने काळ्या समुद्रापर्यंत गेला. म्हणजे त्याची बोट आपल्या अरबी समुद्रातूनच गेली. महाराष्ट्राशी त्याचा संबंध जोडायचाच तर एवढाच. परतल्यावर त्याने शल्यचिकित्सेतल्या निदानावरचं आल्बर्टचं जर्मन पुस्तक रशियन भाषेत आणलं. १९०३ साली फेदोरोव्ह या नामवंत सर्जननी त्याला सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत बोलावून घेतलं.

लगेच पुढच्या वर्षी रशिया-जपान युद्ध. कोरोत्कोव्ह पुन्हा पूर्वेकडे, मंचुरियातल्या हार्बिनला. आपल्या विषयाची खरी सुरुवात इथे होते, आणि गंमत म्हणजे तिथे तो रक्तदाबाच्या मागे नव्हताच. त्याला सैनिकांचे हातपाय वाचवायचे होते.

गोळी लागून धमनीला भोक पडलं की रक्त आजूबाजूला झिरपून एक फुगा तयार होतो. तो नाडीबरोबर उडतो आणि कधीही फुटू शकतो. तो काढायचा तर मुख्य धमनी दोरा बांधून बंद करावी लागते. बंद केली की पुढच्या हाताला किंवा पायाला रक्त कुठून जाणार? शेजारच्या बारीक फांद्यांमधून. त्या फांद्या पुरेशा दणकट असतील तर पाय वाचतो, नसतील तर काळा पडतो आणि कापावा लागतो. सर्जनपुढे प्रश्न असा, की दोरा आवळण्याआधीच हे ओळखायचं कसं? ज्या माणसाने दुसऱ्याचा पाय कापलेला जवळून पाहिला आहे त्यालाच या प्रश्नाचं वजन कळेल. आमच्याकडे मधुमेहाच्या पेशंटचे पाय जायचे तेव्हा नातेवाईक हेच विचारायचे, आधी कळलं नसतं का?

रशियातला जुना थोर लष्करी सर्जन पिरोगोव्ह याची शिकवण होती की अशा सुजेला हात लावण्याआधी कान लावा. तसा कोरोत्कोव्ह कान लावत राहिला. धमनी वरून दाबायची, हळूहळू सोडायची, खाली स्टेथोस्कोपने ऐकायचं. किती जखमींवर त्याने हे केलं असेल! त्यातून एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. दाब सोडताना धमनीतून येणारे आवाज वाटेल तसे येत नाहीत. ते ठरलेल्या क्रमाने येतात आणि ठरलेल्या क्रमाने जातात.

त्याच्या आधी काय परिस्थिती होती ते थोडक्यात सांगते. आपल्या विज्ञानाच्या सरांना हा भाग नक्की आवडेल. १७३३ साली इंग्लंडच्या स्टीफन हेल्स या पाद्रीबुवांनी एक प्रयोग छापला होता. आडव्या बांधलेल्या घोडीच्या धमनीत नळी घालून ती उंच काचेच्या नळीला जोडली, तर रक्त सव्वाआठ फूट वर चढलं. माणसांवर हे करणं शक्य नव्हतं. पुढे फ्रान्सच्या प्वाझ्योने १८२८ साली नळीत पारा वापरला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे फुटांचं काम मिलिमीटरमध्ये आलं. आजही १२० म्हणजे पाऱ्याची १२० मिलिमीटर उंची. पाण्यात मोजली तर सव्वापाच फुटांच्या वर भरेल. १८९६ साली इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा आणला, त्यात सायकलच्या ट्यूबचं रबर होतं. पट्टा फुगवायचा, मनगटाची नाडी बोटाखालून नाहीशी झाली की पारा बघायचा. अमेरिकेचे सर्जन कुशिंग १९०१ साली इटलीत हे बघून गेले आणि आपल्या रुग्णालयात त्यांनी ते सुरू केलं. पण बोटाने कळायचा तो फक्त वरचा आकडा. खालचा आकडा बोटाला नीट सापडत नाही.

कोरोत्कोव्ह १९०५च्या एप्रिलमध्ये राजधानीत परतला. त्या वर्षाच्या ८ नोव्हेंबरला, म्हणजे रशियात तेव्हा चालणाऱ्या जुन्या पंचांगाप्रमाणे, त्याने अकादमीच्या सभेत आपलं म्हणणं मांडलं. वय एकतीस. छापून आलं ते एका पानातही मावून उरेल एवढं. मी त्याचं भाषांतर वाचलं आहे. आजवर मी वाचलेल्या वैद्यकीय लिखाणात इतकं काटकसरीचं दुसरं काही नाही. त्यातला आशय असा. रिव्हा-रोच्चीचा पट्टा दंडाच्या मधल्या भागावर बांधायचा. खालचा रक्तप्रवाह पूर्ण थांबेपर्यंत तो पटकन फुगवायचा. मग पारा उतरू द्यायचा आणि पट्ट्याच्या लगेच खाली, धमनीवर, लहान मुलांचा स्टेथोस्कोप ठेवून ऐकायचं. आधी काहीच ऐकू येत नाही. पारा एका उंचीला आला की पहिले छोटे ठोके येतात. तो वरचा आकडा. पुढे सळसळ, मग पुन्हा ठोके, आणि शेवटी सगळे आवाज नाहीसे होतात. तो खालचा आकडा. हा पहिला ठोका मनगटाची नाडी बोटाला लागण्याआधी, पारा १०-१२ मिलिमीटर वर असतानाच ऐकू येतो, असंही त्याने नोंदवलं. बास. लेख संपला.

हा आवाज येतो कुठून, हे नर्सिंगच्या मुलींना शिकवताना मी बागेतल्या पाइपचं उदाहरण द्यायचे. पाणी मोकळं वाहतं तेव्हा पाइप गप्प असतो. त्यावर पाय पूर्ण दाबला तर पाणी बंद, तेव्हाही गप्प. अर्धवट दाबला की फुरफुर सुरू होते. धमनीचं तसंच आहे. पट्टा पूर्ण आवळलेला असतो तेव्हा रक्त जात नाही म्हणून शांतता. दाब थोडा कमी झाला की प्रत्येक ठोक्याला धमनी क्षणभर उघडते, पुन्हा मिटते, आणि त्या धडपडीचा आवाज कोपराच्या खोबणीत येतो. दाब आणखी उतरला की धमनी मिटतच नाही, रक्त मोकळं वाहतं, पुन्हा शांतता. दोन शांततांच्या मधला हा आवाज कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, एवढंच आपण १३०/८० असं कागदावर लिहितो.

सभेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं झालं नाही. काही जणांनी शंका काढली की हे हृदयाचेच ठोके असतील, धमनीतून खाली ऐकू येत असतील. शंका वाजवी होती. कोरोत्कोव्ह चिडला नाही, महिनाभराने प्राण्यांवरचे प्रयोग घेऊन पुन्हा उभा राहिला आणि आवाज तिथल्या तिथेच, दाबलेल्या धमनीत तयार होतो हे दाखवलं. अकादमीतले ज्येष्ठ वैद्य यानोव्हस्की यांना महत्त्व कळलं. त्यांनी आपल्या विभागात ही पद्धत पारखून घेतली, शिष्यांना कामाला लावलं. म्हणून रशियात ती बराच काळ दोघांच्या जोडनावाने ओळखली जाई. तिथून जर्मनीत आणि मग जगभर. जिल्ह्याच्या ठिकाणी आमच्या पहिल्या प्रॅक्टिकलला, १९८०-८१च्या सुमारास, पत्र्याच्या पेटीतलं पाऱ्याचं यंत्र माझ्या पुढ्यात आलं तेव्हा पद्धत तीच होती, पाऊण शतक जुनी, एका पानाची.

आता वॉर्डातलं सांगते. त्या एका पानातली प्रत्येक पायरी आम्ही कशी गाळतो ते.

पारा सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर एवढाच उतरायला हवा. म्हणजे १६० पासून ८० पर्यंत यायला निदान अर्धा मिनिट. शंभर पेशंटची रांग असताना अर्धा मिनिट कोण देणार? स्क्रू सैल केला की पारा धाडकन खाली. पहिला ठोका ऐकू येईपर्यंत तो दहा घरं उतरलेला असतो, त्यामुळे वरचा आकडा कमी लिहिला जातो. शिवाय पाऱ्याच्या पट्टीवर खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात. नीट वाचलेला आकडा सम असतो, पण त्याच्या शेवटी २, ४, ६, ८ आणि ० हे सगळे सारखेच यायला पाहिजेत. ज्या फाईलमध्ये सगळे आकडे शून्याने संपतात तिथे कुणीतरी यंत्राकडे नाही, घड्याळाकडे बघत होतं. आणि पाऱ्याच्या यंत्रावर १२५/८५ लिहिलेलं दिसलं तर ते सरळ अंदाजपंचे! आपल्या मित्राची फाईल मी अशीच वाचली. सात वर्षांचे ते सुंदर गोल आकडे बघून मला पहिल्याच पानाला संशय आला.

म्हाताऱ्या माणसांत आणखी एक फसवणूक असते. ठोके सुरू होतात, मध्येच काही काळ गायब होतात आणि पुन्हा सुरू होतात. पट्टा थोडाच फुगवला आणि आपण नेमके त्या मधल्या शांततेत शिरलो तर दुसऱ्यांदा सुरू झालेला ठोकाच पहिला वाटतो आणि १८० च्या जागी १४० लिहून मोकळे. त्यावर उपाय साधा आहे. आधी मनगटाची नाडी धरायची, ती नाहीशी होईपर्यंत फुगवायचं, मग वर आणखी ३०. बोटाचं काम रिव्हा-रोच्चीचं, कानाचं काम कोरोत्कोव्हचं. दोघं मिळूनच खरं उत्तर येतं. आमच्या जुन्या मेट्रन हे बोट ठेवल्याशिवाय पंपाला हात लावू द्यायच्या नाहीत. फार कडक बाई होत्या. त्यांच्यामुळे वाचलेली माणसं मोजता येणार नाहीत.

पट्ट्याचं तर विचारूच नका. रिव्हा-रोच्चीचा मूळ पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता, आणि अरुंद पट्ट्याने आकडा खोटाच वाढतो हे १९०१ मध्येच जर्मनीच्या फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी दाखवून दिलं होतं. आजही जाड दंडाला तोच नेहमीचा पट्टा कसाबसा गुंडाळला जातो. आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराचा निदान ऐंशी टक्के भाग व्यापेल एवढी लांब हवी. आपल्या वर्गातल्या ज्या मैत्रिणी आता माझ्यासारख्याच भरल्या अंगाच्या झाल्या आहेत त्यांनी बिनदिक्कत मोठा पट्टा मागावा. यात लाजण्यासारखं काही नाही. उलट बारीक दंडावर मोठा पट्टा बांधला की आकडा कमी येतो.

कोरोत्कोव्हची पुढची गोष्ट मात्र सुखाची नाही. एवढा शोध लावलेला माणूस राजधानीतल्या मोठ्या खुर्चीवर बसला असेल असं वाटतं ना? तो सैबेरियात सोन्याच्या खाणींच्या भागात डॉक्टर म्हणून गेला. १९१० साली त्याने डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. त्याचा विषय रक्तदाब नव्हता, हार्बिनचा जुना प्रश्नच होता: मुख्य धमनी बांधल्यावर आजूबाजूच्या फांद्या किती भार घेऊ शकतील हे कसं मोजायचं. म्हणजे जगाने ज्याला शोध मानलं ते त्याच्या लेखी वाटेतलं एक साधन होतं. मला हे फार आवडतं. त्याच्या डोळ्यापुढे शेवटपर्यंत तो सैनिकाचा पाय होता.

प्रबंधानंतर तो लेना नदीकाठच्या सोन्याच्या खाणींत कामगारांचा सर्जन झाला. तिथलं जिणं भयंकर होतं. १९१२च्या एप्रिलमध्ये संपावर गेलेल्या, हातात शस्त्र नसलेल्या कामगारांवर सैन्याने गोळीबार केला आणि शंभराहून अधिक माणसं मारली गेली. आपल्या पिढीला शाळेत जालियनवाला बाग शिकवली तशी रशियातल्या मुलांना ही घटना शिकवत. कोरोत्कोव्ह त्या दिवसांत तिथेच नोकरीला होता. त्यानंतर तो तिथे राहिला नाही, सेंट पीटर्सबर्गला परतला. पहिल्या महायुद्धात त्याने त्सार्स्कोये सेलो इथल्या जायबंदी सैनिकांच्या आश्रमात सर्जन म्हणून काम केलं आणि क्रांतीनंतर पेत्रोग्रादच्या मेच्निकोव्ह रुग्णालयात ज्येष्ठ वैद्य म्हणून. यादवी युद्ध, उपासमार, साथी असा तो काळ. १४ मार्च १९२० रोजी तो गेला. सेहेचाळीस वर्षांचा होता, आपल्यातल्या प्रत्येकापेक्षा लहान.

आता तुमच्या घरातल्या मशिनीकडे येते, कारण मेळाव्यात मला पहिला प्रश्न तोच येणार आहे. पारा विषारी म्हणून जगभरातून ती जुनी यंत्रं काढून टाकली जात आहेत, आणि आपल्या टीपॉयवर बटणाचं यंत्र आलं आहे. हे यंत्र कोरोत्कोव्हचे आवाज ऐकत नाही बरं का. पट्ट्यातल्या हवेला बसणारे नाडीचे बारीक हेलकावे ते मोजतं आणि त्यावरून हिशोबाने दोन आकडे काढतं. हिशोब प्रत्येक कंपनीचा वेगळा. म्हणून दंडावर बांधायचं, तपासून प्रमाणित झालेलं यंत्र घ्या, मनगटावरचं नको, आणि वर्षातून एकदा ते पिशवीत घालून आपल्या डॉक्टरांकडे न्या, त्यांच्या यंत्राशी ताडून बघा. ज्यांची नाडी अनियमित पडते त्यांच्या बाबतीत हे यंत्र गोंधळतं. त्यांनी अजूनही कान लावणाऱ्या माणसाकडेच जावं.

यंत्र बदललं तरी हात-पाय आपलेच आहेत, त्यामुळे मोजण्याची पथ्यं तीच. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, फिरणं नको. लघवीला जाऊन या. भरल्या पोटापेक्षा भरल्या मूत्राशयाने बीपी जास्त वर जातं. पाठीला टेकण असलेल्या खुर्चीत बसा, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको. दिवाणावर मांडी घालूनही नको, आपली ती सवय मला माहीत आहे. पाच मिनिटं गप्प बसा. दंड उघडा करा. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या पातळीला येईल. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा सात-आठने वाढतो. हा डॉक्टरांचा नाही, पाण्याच्या दाबाचा नियम आहे, आठवीच्या पुस्तकातला. मोजताना बोलू नका आणि समोरच्यालाही बोलू देऊ नका. नातवाला आतल्या खोलीत पाठवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा, आणि ज्या हातावर जास्त येईल तोच हात पुढे कायम ठेवा.

सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, असं सलग सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. गणिताच्या बाईंनी सरासरी शिकवली ती यासाठीच असं समजा. दवाखान्यात १४०/९० ही जी रेघ बहुतेक ठिकाणी धरतात, तीच घरी १३५/८५ धरतात, कारण पांढरा कोट दिसला की काहींचं बीपी चढतंच. काहींचं उलट असतं, दवाखान्यात नॉर्मल आणि घरी जास्त. हे दुसरे लोक जास्त धोक्यात, कारण त्यांना कुणी काही सांगतच नाही. आपला मित्र त्यातलाच असेल का, असं त्याच्या पत्नीने मला विचारलं होतं. सात वर्षांत कुणी खरं मोजलंच नसेल तर ते आता कसं कळणार?

एकच आकडा बघून घाबरू नका आणि एकच आकडा बघून गोळी बंदही करू नका. वही डॉक्टरांना दाखवा आणि गोळीचा निर्णय त्यांना घेऊ द्या. मात्र वरचा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं, हातपाय लुळा पडणं असं काही असेल तर वही शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

मेळाव्याच्या दिवशी तळमजल्यावरच्या पाचवी ब च्या वर्गात मी टेबल मांडणार आहे. जिना नाही, गर्दी नाही, पंखा आहे. दोन आकारांचे पट्टे आणीन. बाहेरच्या बाकावर पाच मिनिटं बसल्याशिवाय कुणालाही आत घेतलं जाणार नाही, मग तो कलेक्टर असो की समितीचा अध्यक्ष. सर, तुम्ही रांगेत उभे राहू नका, तुमच्यासाठी मी स्वतः बाहेर येईन. आणि सगळ्यांना एकच विनंती, चहा-वड्याच्या आधी या.